पाणवठ्याचा कायदा

माणसांची न्यायालये उघडण्याच्याही आधी एका रानात सर्वांनी शेपट्या उंचावून कायदा केला होता: उन्हाळ्यात परक्या रानातल्याने आपल्या पाणवठ्यावर पाणी प्यायचे नाही.

एका दुपारी परकी हरिणी आली. तिचे पाडस तहानेने कोसळत होते.

"कायदा म्हणजे कायदा, रावसाहेब!" नुकताच पोटभर पाणी प्यालेला कोल्हा न्यायाधीश असलेल्या गव्याला म्हणाला.

"खरंय. मोडायचा नाहीच," गवा म्हणाला. "बदलायचा. भरवा सभा."

"सभेला रीतसर मुदत द्यावी लागते."

"पाडसाला विचार, ते देतंय का मुदत!"

पाणवठ्यावर भराभर शेपट्या उंचावल्या. शेवटची कोल्ह्याची होती. पाडस पाणी प्यायले.

ही सुधारणा आपणच सुचवली, असे कोल्हा पुढे सांगत फिरला. रान मात्र ताठ मानेने एवढेच सांगते, "आमच्याकडे कायदा मोडत नाहीत. त्याची लाज वाटली, की बदलतात."