मांडवखारची बिननावाची शिळा

मांडवखारच्या खाडीच्या तोंडाशी यहुद्यांचं जुनं कबरस्तान आहे. तिथल्या पहिल्या कबरीच्या काळ्या शिळेवर सात फांद्यांची समई कोरलेली दिसते. समईखाली एक ओळ ठेचून काढलेली, आणि तिच्याखाली कुणाला वाचता न येणारी आणखी एक ओळ. पाहुणे विचारतात, "बाबा, नाव कुणी फोडलं?" कबरस्तान राखणारे सिलोमनबाबा म्हणतात, "ज्यानं कोरलं, त्यानंच. बसा, सांगतो."

असं सांगतात, की फार मागे, पश्चिमेकडे रोमच्या बादशहांचा अंमल होता तेव्हा, तिकडचं एक गलबत इथल्या खडकांवर फुटलं. मोजके पुरुष वाचले. त्यांतला योसे हा रोम शहराबाहेरच्या भुयारांत आपल्या यहुदी लोकांच्या थडग्यांवर अक्षरं कोरणारा. तिकडची रीत पक्की होती : मृताचं नाव, आणि खाली शांत झोपेची प्रार्थना. नावावाचून पुरणं म्हणजे योसेच्या लेखी माणसाला उघड्यावर टाकणं.

तिसऱ्या दिवशी समुद्रानं एकाच बाईला परत दिलं. चेहरा ओळखू येत नव्हता. योसेची बायको तामार बुडाली होती, तशीच वाचलेल्यांतल्या एलाजार या तेलाच्या व्यापाऱ्याची बायको रिबकाही. बाईला बाईनंच न्हाऊ घालायचं, म्हणून कोळीवाड्यातली पोसाई धावून आली. कोरं पांढरं कापड उलगडत तिनं विचारलं, "भावांनो, कुनाची गो ही?"

दोघं एकदमच म्हणाले, "माझी."

त्याच दिवशी 'देव एकच आहे' ही शेमाची प्रार्थना म्हणून तिला माती दिली. शिळा मात्र योसेच्या हाती आली. अक्षरं एकट्या त्यालाच येत होती. कमरेला बांधलेली छिन्नी तेवढी त्याच्याबरोबर वाचली होती. आठ दिवस तो ठोकत राहिला. एलाजार रोज पाणी आणून द्यायचा आणि म्हणायचा, "तुझी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग रे! निघाल्यात तरी कुठं?"

नवव्या दिवशी एलाजारनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "यात माझी रिबका कुठं आहे?"

योसेनं 'ही काय' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. जन्मात कुणाला कळलं नसतं. योसेनं ते बोट हळूच बाजूला केलं आणि ओळीवर छिन्नी लावली.

"अरे, चांगलं कोरलेलं फोडतोस काय?"

"यात तुझी रिबका नाही. मी एकट्या तामारचंच नाव कोरलं होतं."

एलाजारनं बोट खालच्या ओळीवर नेलं. मग म्हणाला, "आणि खाली काय आहे?"

"'तिला शांत झोप लागो.'"

"ते राहू दे. जी कुणी असेल, तिला लागू दे."

ओळ पुरती ठेचून झाल्यावर योसेनं शिळेवर हात ठेवला आणि मोठ्यानं हाक दिली, "रिबका!" एलाजारनंही शिळेवर हात ठेवला. तो म्हणाला, "तामार."

आजही मांडवखारला कबरीवर नाव कोरत नाहीत. माती देऊन झाली, की दुसऱ्या घरचं कुणीतरी पुढं येतं, कबरीवर हात ठेवतं आणि गेलेल्या माणसाचं नाव घेतं. ते कानी पडेपर्यंत घरचे लोक रडत नाहीत.