बिल्डर लगेच ‘हो’ म्हणाला

“पण तो इतक्या लवकर ‘हो’ का म्हणाला, महाराज?”

भैरवगिरी महाराज मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

“कोण?”

“बिल्डर. भणगे.”

“घराचा सौदा मोडला?”

“नाही ना. पटला. त्याचाच घोर लागलाय.”

विरूपाक्ष होनराव बार्शीच्या एका डाळमिलसाठी तूर खरेदी करायचा. सांगितल्या भावाला त्याने उभ्या जन्मात काही घेतलं नव्हतं. कोथिंबिरीची जुडी असो की लग्नाचा हॉल, आधी नाक मुरडायचं, मग भाव पाडायचा, आणि जमेना की उठून चालू लागायचं. दार गाठायच्या आत मागून हाक येतेच, हे त्याचं शास्त्र. या शास्त्राचा त्याला भारी अभिमान होता.

भणगेच्या ऑफिसातही तो असाच उठला होता. म्हणजे, उठणार होता.

“खुर्ची नुसती मागे सरकवली, महाराज. तर तो म्हणतो, बरं, तुमचंच खरं. भाव तुमचा, पार्किंग तुमचं, ओटाही लांब करून देतो. चहा घ्या.”

“घेतलास?”

“कसला चहा! घशाखाली उतरेना. उद्या कागद करू म्हटलं आणि सुटलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एक तर मी अजून खाली मागायला हवं होतं. नाहीतर मग घरातच खोट आहे.”

“मग सोड ते घर.”

“सोडू कसं? आज चारला कागद करायचेत. नाही गेलो तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.”

महाराजांनी एक शेंग फोडली.

“अप्पा कसे आहेत?”

अप्पा म्हणजे विरूपाक्षाचे वडील. गुडघे गेलेले. भाड्याच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून ते दिवाळीपासून खाली उतरले नव्हते. खिडकीतून रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांना हाका मारायच्या, एवढाच त्यांचा गाव उरला होता. निम्म्या हाका खाली पोचायच्याच नाहीत. भणगेचं घर तळमजल्यावर होतं.

“त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं,” तो हळूच म्हणाला.

महाराजांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारी ठेवलेल्या छत्रीकडे.

“छत्री छान आहे. मला देतोस?”

“घ्या की, महाराज.”

महाराजांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“इतक्या लवकर?”

त्यांनी छत्री उघडली, उन्हात धरली, एकेक काडी वाकवून पाहिली. मूठ नाकाला लावून वाससुद्धा घेतला.

“गळत असणार.”

“नाही हो! मागच्याच महिन्यात घेतलीय.”

“मग चोरीची असेल.”

“महाराज!” विरूपाक्षाचा चेहरा लालबुंद झाला. “तुम्ही मागितली म्हणून दिली. मनापासून दिली. त्यात कसली खोट काढता?”

महाराजांनी छत्री बाजूला ठेवून एक शेंग फोडली.

विरूपाक्षाच्या लक्षात आलं. पण लगेच मान तुकवली तर तो होनराव कसला?

“छत्रीचं वेगळं आणि घराचं वेगळं. भणगे काही माझा शिष्य नाही. धंदेवाला माणूस आहे.”

“खरं आहे.”

“मग खोट असू शकते.”

“असू शकते. घर पाहिलंस?”

“पाहिलं म्हणजे? जाऊन जाऊन चपला झिजल्या.”

“घरात जाऊन?”

“...ऑफिसात.”

“आणि घरात?”

“एकदा गेलो होतो. तेव्हा भिंती उठत होत्या.”

“नळाला पाणी येतं?”

“येत असेल.”

“मोरीचा उतार बरोबर आहे?”

“असणार की.”

“तूर घेताना पोत्यात हात घालतोस, की अडत्याच्या तोंडाकडे बघत बसतोस?”

विरूपाक्षाची मान खाली गेली. महाराज उठले, छत्री डोक्यावर धरली आणि चालू लागले. मागून विरूपाक्ष, भर उन्हात, बोडक्या डोक्याने.

भणगेच्या त्या घराचं दार उघडं होतं. आत शैलजा, विरूपाक्षाची बायको, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहत होती.

“तू इथे कशी?”

“आज कागद करायचेत ना? तुम्ही आपले भावातच अडकलेले. म्हटलं, आपणच बघावं. किल्ली तेवढ्यापुरती वॉचमनकडून घेतलीय.”

पाणी सरळ जाळीकडे गेलं. विरूपाक्षाने ते पाहिलं, तरी आणखी एक बादली स्वतः ओतली. मग त्याने सगळे नळ सोडले, भिंती ठोकल्या, दारं लावली, उघडली, पुन्हा लावली. खोट काही सापडेना. तो आणखीच कासावीस झाला.

शेवटी आतल्या खोलीतून आरोळी आली.

“सापडली! खिडकीची कडी अडकते!”

शाळेत पहिला आल्यासारखा तो बाहेर आला. महाराजांनी विचारलं, “मोठी आहे खोट?”

“छे हो. दोन थेंब तेल घातलं की झालं.”

असं म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. कालपासूनचा धोंडा छातीवरून उतरला. किती बरं वाटलं त्याला!

एवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला. तो उंबऱ्याशी गेला.

शैलजाच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांनी अप्पांना खुर्चीसकट तीन मजले उतरवून इथवर आणलं होतं. पुढच्या दाराच्या सावलीत ते बसले होते. रस्त्याने चाललेला एक म्हातारा त्यांच्यासमोर थबकला होता.

“आरं गुळवे, काय बगतोस? मीच हाय,” अप्पा म्हणाले. “ये, बस.”

हे त्यांनी अगदी हळू आवाजात म्हटलं. ओरडायचं काही कारणच नव्हतं. विरूपाक्षाचे डोळे भरून आले.

चारच्या सुमाराला भणगे आला. विरूपाक्षाने त्याला दारातच गाठलं.

“एक विचारतो, राग मानू नका. काल लगेच ‘हो’ का म्हणालात?”

भणगेने रुमालाने मान पुसली.

“खरं सांगू का, होनराव? तुम्ही आला की माझं जेवण ऱ्हातंय. बायको म्हणली, त्या माणसाला घर देऊन मोकळे व्हा, न्हाईतर आजारी पडाल. आन् परवडतंय हो मला. नसतं परवडलं, तर मीच खुर्ची सरकवून उठलो असतो.”

सगळ्यात आधी शैलजा हसली. मग अप्पा. शेवटी विरूपाक्षही.

पण जित्याची खोड! भणगे कागद काढायला गाडीकडे वळला, तसा विरूपाक्ष महाराजांच्या कानाशी लागला.

“महाराज, एवढं सगळं दिलं त्याने. अजून एखादी गोष्ट मागून बघू का?”

शैलजाने कपाळाला हात लावला.

महाराजांनी छत्री मिटली आणि त्याच्या हातात परत दिली.

“माग.”

“काय मागू?”

महाराजांनी दारात बसलेल्या अप्पांकडे पाहिलं...

“किल्ली.”