तीस हजार एकतिसांची पंगत

एका राज्यात समपंक्तीचा नेम होता. सर्व नगरीने एकत्र भोजनास बसावे, ओळी सारख्या असाव्यात. एकच लांब ओळ नको, एकट्याची ओळ नको. प्रजा आधी बसे, राजा शेवटी. एक जरी उरला, तरी घासाला कोणी हात लावीत नसे. राजा पुरंजयाला या नेमाचा भारी अभिमान होता.

तो अभिमान मंदारकेतू मायाव्याला साहवेना. नगरीत तीस हजार तीस माणसे होती, तोवर तो स्वस्थ बसला. राणीचा भाऊ पाहुणा आला, आणि तत्क्षणी मायाव्याने वेशी मंत्राने बांधून शाप दिला, "समपंक्ती जुळेतो तुमचे शिजलेले अन्न दगड होईल. तिसऱ्या सूर्यास्तापर्यंत न जुळल्यास तुम्हीही व्हाल."

राजगणक शारंगधराने पहिल्या दिवशी दोघादोघांच्या, तिघातिघांच्या, पाचापाचांच्या ओळी मांडल्या. दुसऱ्या दिवशी सातांच्या, अकरांच्या, तेरांच्या. दर खेपेस एक उरे, आणि तो राजा असे.

"गणकराज, आमच्या मेहुण्यांना वगळले तर?" रिकामे ताट सावरीत राजाने विचारले.

"तर सारे जुळते, महाराज. पण वेशी बंद आहेत."

"तेच आमचे दुर्दैव."

तिसऱ्या दिवशी शारंगधराला उलगडा झाला. तो उल्हासाने म्हणाला, "महाराज! दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार, अधिक एक! अर्थात ही संख्या कशानेच भागली जाणार नाही. सिद्ध झाले!" सिद्धतेच्या आनंदात, आपण सायंकाळी दगड होणार, हे तो क्षणभर विसरला.

राजाजवळ टांगलेल्या पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "पंडित, त्या सहांनी नकार दिला. बाकीच्यांना विचारलेत?"

शारंगधराचे कान तापले. तेरापुढे त्याने एकालाही विचारले नव्हते.

सतरांच्या ओळी मांडताच नऊ जण उरले. राजाला प्रथमच सोबत लाभली. तीत मेहुणा होता, म्हणून ती गोड लागली नाही. एकोणीस फसले, तेवीस फसले. त्रेपन्नाला तेहतीस उरले, तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता आणि प्रजेची पावले जड, राखाडी होऊ लागली होती.

"एकोणसाठ!" शारंगधर घोगऱ्या आवाजात ओरडला.

ओळी भरत गेल्या. पाचशे नवव्या ओळीत एकच पान रिकामे राहिले. राजा त्यावर बसला.

दगडांतून वाफ निघाली. वेशी उघडल्या. मायाव्याचा मंत्र विरला. शारंगधराने घाईने वरणभाताचा घास तोंडात घातला आणि त्याची जीभ सडकून पोळली.

"काय झाले, गणकराज?"

"काही नाही, महाराज," डोळे पुशीत तो म्हणाला, "जिवंत आहे."