बोटींचा वाटा आणि दोन बॉल

एका बंदरावरच्या गावात विश्राम नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा होता.

चार नोकऱ्या गमावल्यावर त्याला पाचवी मिळाली. धक्क्यावर एका फोन कंपनीने टॉवर उभारला होता आणि खाली एक खोली थाटली होती. त्या खोलीत तो बसणार होता. पहिल्या दिवशी बायको मंदा म्हणाली, "ही नोकरी गेली, तर दादाच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला जायचं. सांगून ठेवते."

विश्रामला फॅन लावला तरी सर्दी व्हायची. तो फार घाबरला.

मॅनेजर ठोसरसाहेबांनी काम समजावलं. "मासळीचे वाटे लावतात ना, तसे आपण नेटवर्कचे लावलेत. एक वाटा बोटींचा, एक गाड्यांचा, एक अॅम्ब्युलन्सचा, उरलेला गावाचा. एकाची गर्दी दुसऱ्याला अडवणार नाही. बोटीने हंगामाचे पैसे भरायचे, टेम्पोने फेरीचे आणि अॅम्ब्युलन्सने काही घडलं नाही तरी वर्षाचे."

काही न घडण्याचे पैसे मिळणं हा धंद्यातला सर्वांत उत्तम भाग आहे, असं साहेबांचं मत होतं.

"चौथ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या मॅडम येतील. तोवर नीट वागलास तर कायम करतो. आणि बघ, बोटींचा वाटा फक्त बोटीला. दुसऱ्या कुणालाही नाही."

"नाही देणार साहेब."

थोड्या वेळाने जैतू नाखवा आले. त्यांच्या तीन बोटी होत्या.

"विश्राम, बोटींचा वाटा पाहिजे."

विश्रामने त्यांना डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. "तुम्ही बोट नाही."

"अरे, बोट माझी आहे!"

"मग तिला पाठवा."

"ती काय चालत येणार?"

"ते मला सांगितलेलं नाही."

नाखवा जे बोलले ते लिहिण्यासारखं नव्हतं. ठोसरसाहेब धावत आले. "शहाण्या, बोट कधी येते का अर्ज करायला? माणूस काय बघत बसतोस? तो कशातून आला ते वाहन बघायचं आणि त्यात आपला नेटवर्क पकडणारा डबा बसवायचा!"

"बसवतो साहेब."

दुसऱ्या दिवशी हलीमाबी आल्या. त्यांचा मासळीचा टेम्पो होता. मासळी तापली की डब्याने त्यांच्या फोनवर कळवायचं, अशी सोय त्यांना हवी होती. टेम्पो घरी होता, त्या रिक्षाने आल्या होत्या. विश्रामने त्यांच्याकडे अजिबात बघितलं नाही. तो बाहेर गेला आणि रिक्षात डबा बसवून आला.

दुपारी हलीमाबींचा फोन बोंबलू लागला. 'माल सदतीस अंशांवर. माल खराब. ताबडतोब फेकून द्या.'

त्या वेळी रिक्षात पोंक्षे गुरुजी बसले होते.

"अरे गाढवा," ठोसरसाहेब म्हणाले, "आधी खात्री करायची! नाव, गाडीचा नंबर, मालकाची सही. तिन्ही जुळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही!"

"नाही लावणार साहेब."

तिसऱ्या दिवशी अॅम्ब्युलन्सचा वाटा सुरू व्हायचा होता. तो सुरू होण्याआधीच अॅम्ब्युलन्स दाराशी येऊन थांबली. आत एक गरोदर बाई कळा देत होती. तालुक्याचे डॉक्टर व्हिडिओवरून नर्सला सांगणार होते, पण गावाच्या वाट्यावर गर्दी होती आणि डॉक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं.

ड्रायव्हर ओरडला, "आमचा वाटा चालू कर!"

"नाव?"

"अरे, बाई अडलीय!"

"बाईचा रकाना नाही. गाडीचा नंबर?"

नंबर मिळाला. मालकाची सही राहिली. मालक पुण्याला होता. फॉर्म पुरा होण्याच्या आत बाळ झालं. मुलगी. दोघी सुखरूप होत्या. मुलीने रडून जी तक्रार नोंदवली तिला सही लागली नाही.

ठोसरसाहेबांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे, संकटात कागद बघतात का? संकटात आधी जो येईल, त्याला वाट द्यायची! बाकी सगळ्यांचे वाटे बंद करायचे आणि सगळं त्याला द्यायचं. त्याचं संकट टळेपर्यंत दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. माझंसुद्धा!"

"तुमचंसुद्धा नाही साहेब."

चौथ्या दिवशी मोठ्या मॅडम आल्या. ठोसरसाहेब त्यांना जैतू नाखवांच्या बोटीतून खाडीच्या तोंडाशी घेऊन गेले. "आता नाखवा सुकाणूकडे बघणारसुद्धा नाहीत. पडद्यावर पाण्याखालचा खडक दिसतो, वाळूची दांडी दिसते आणि बोट आपली आपण वळते. सगळी आपल्या वाट्याची कमाल."

नाखवांनी हाताची घडी घातली.

इकडे खोलीत मंदाचा दादा धापा टाकत शिरला. बर्फाच्या कारखान्याचा तोच मालक. हातात मोबाइल आणि तोंडावर घाम.

"भावोजी, मेलो! वाचवा!"

विश्राम ताडकन उभा राहिला. "संकट आहे?"

"याहून मोठं संकट काय असणार? शेवटची ओव्हर, नऊ रन पाहिजेत आणि मॅच अडकली!"

विश्रामने नाव विचारलं नाही. नंबर विचारला नाही. सही तर नाहीच. त्याने अॅम्ब्युलन्सचा वाटा बंद केला, गाड्यांचा बंद केला, बोटींचा बंद केला आणि सगळा टॉवर दादाच्या मोबाइलला दिला. मॅच आरशासारखी स्वच्छ दिसू लागली.

बोटीवरचा पडदा काळा झाला. नाखवांनी घडी सोडेपर्यंत बोट वाळूच्या दांडीवर चढून कलली होती. धक्का हाकेच्या अंतरावर होता. मॅडम कमरभर पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांची पर्स एकटीच समुद्राकडे निघाली होती.

ठोसरसाहेबांनी तोंडाशी हात धरून बोंब ठोकली. "विश्राम! आम्ही संकटात आहोत! बोटींचा वाटा चालू कर!"

विश्राम दारात आला. "नंबर लावा साहेब! तुमच्या आधी एक जण आलाय!"

"गाढवा, नोकरी पाहिजे ना तुला?"

"पाहिजे ना साहेब! म्हणून तर तुमचंसुद्धा ऐकत नाही! जरा दम धरा, त्याचं संकट टळतच आलंय. दोनच बॉल राहिलेत!"

आतून दादाने मोबाइलवरची नजर न काढता हाक मारली, "भावोजी, सोमवारी कारखान्यात येताना स्वेटर आणा."