उसनं मडकं मागणारा कैतान

त्या दिवशी वारा पडला होता. श्रावण सरत आला होता. पाऊस सकाळीच थांबला होता आणि आभाळ राखेनं घासलेल्या ताटासारखं करडं होऊन खाली वाकलं होतं. माडाची झावळी हलत नव्हती, केळीचं पान हलत नव्हतं, खाडीचं पाणी अंग टाकून पडलं होतं. अशा दिवशी चुलीचा धूर कसा जातो ठाऊक आहे ना? सरळ वर. आभाळातून कुणी दोर सोडावा तसा.

दिवस फार मागचा. तेव्हा बागांना पाणी लाकडी रहाटानं यायचं आणि रस्ते नुसते वाळूचे होते. वसईकडच्या किनाऱ्यावर कुरसाळे नावाचं ख्रिस्ती माणसांचं गाव होतं. ही माणसं चर्चला देऊळच म्हणतात, तर त्या देवळाची घंटा वाजवायला कैतान लोपीस होता. एकटा जीव. बायको केली नाही, आई होती ती गेली, राहिलं एक झोपडं, एक चूल आणि घंटेचा काथ्याचा दोर.

कैतानचं काम नुसतं घंटेचं नव्हतं. त्या देवळाचे फादर लुद्रीक मोठे दयाळू. त्यांनी गावाला एक रीत लावून दिली होती. रविवारी मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, येताना घरटी मूठभर तांदूळ आणायचा आणि दाराजवळच्या पेटाऱ्यात टाकायचा. आणि कैताननं संध्याकाळची घंटा वाजवायला मनोऱ्यावर चढलं की गावावर नजर फिरवायची. ज्या छपरातून धूर निघत नाही तिथं चूल पेटली नाही. चूल पेटली नाही म्हणजे घरात दाणा नाही. मग खाली उतरून पेटाऱ्यातला तांदूळ टोपलीत घ्यायचा, त्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायचा, कडी वाजवायची आणि निघून यायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला हात पसरायला लावायचं नाही. धूर नाही तिथं टोपली. गावाला या रीतीचा अभिमान होता. कैतानला तर फारच. रोज तो फादरना सांगायचा, सगळीकडे धूर आहे, आणि समाधानानं जेवायचा.

टोपली हरवू नये म्हणून तिच्या काठाला लाल दोरा गुंफला होता. तिथंच सगळं अडलं. ती टोपली वाटेनं निघाली की साऱ्या गावाला कळायचं. बायका बावखलावर, म्हणजे बागेच्या तळ्यावर, कपडे धुता धुता म्हणायच्या, बघा गं, टोपली आज कुणाकडे चालली.

त्या वर्षी आषाढाच्या उधाणाला समुद्राचा बांध फुटला. खारं पाणी बागांत शिरलं. केळी उभ्या उभ्या करपल्या, पानवेली गळून पडल्या, गोडी बावखलं खारट झाली. ज्यांच्या घरातून पेटाऱ्यात तांदूळ यायचा, त्यांच्याच घरात तांदूळ संपायला लागला.

कैतानच्या शेजारी, मध्ये एक मेंदीचं कुंपण, नातालीनचं घर होतं. तिचा नवरा जुजे म्हणजे कैतानचा लहानपणापासूनचा सोबती. दोन वर्षांमागं तापानं गेला. मागं नातालीन आणि दोन पोरी. जुजे असताना पेटाऱ्यात सगळ्यांत मोठी मूठ त्यांच्या घरची पडायची. एकदा चुकून टोपली तिच्या दारी आली होती, तर नातालीननं ती डोक्यावर घेतली आणि चिखल तुडवत पलीकडच्या आळीत नेऊन दिली. म्हणाली, ज्या टोपलीत आपण घातलं, तिच्यातून आपण कसं काढायचं? शिवाय तिला वाटायचं, आपल्या दारी आलेली टोपली म्हणजे दुसऱ्या कुणाच्या दारची चुकलेली टोपली.

तिच्या बागेत खारं पाणी कमरेइतकं चढलं होतं. तरी त्या पावसाळ्यात रोज संध्याकाळी नातालीनच्या छपरातून धूर निघे. कैतान वरून बघे. बरं आहे बाईचं, म्हणे, आणि पुढच्या घराकडे नजर वळवी.

त्या वारा पडलेल्या दिवशी मात्र घंटेचा दोर तुटला. घंटा वाजवून होत आली आणि शेवटच्या ओढीला काथ्या तटकन गेला. कैतान वरच बसला, दोराला दोर वळायला. वळता वळता त्यानं गावाकडे पाहिलं. साऱ्या घरांवर धुराचे दोर उभे होते, तसेच राहिले होते. भात शिजायला वेळ लागतोच. पण नातालीनच्या छपरावरचा धूर घंटा सुरू झाली तेव्हा उठला होता आणि घंटा थांबली तसा विरला होता. असं म्हणतात, तो विरण्याआधी एकदा वाकला आणि मनोऱ्याकडे बोट केल्यासारखा दिसला. वारा तर नव्हताच. मग तो वाकला कशानं, हे कुरसाळ्यात अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

कैतान दोर अर्धा टाकून उतरला. घरून निमित्ताला खापरी घेतली. तेव्हा काड्यापेट्या कुठल्या, चूल विझली की शेजारून खापरीत विस्तव आणायचा. कुंपण ओलांडून नातालीनच्या दारी गेला आणि विस्तव मागितला. नातालीन पदराला हात पुसत उभी राहिली. म्हणाली, आत्ताच विझला हो भावजी. कैताननं आत पाहिलं. चुलीत नारळाच्या सोडणाची राख होती, पांढरी, हलकी, वाऱ्याशिवाय उडेल अशी. सोडणं धूर फार करतात, विस्तव ठेवत नाहीत. वर मडकं होतं. मडक्यात काही नव्हतं. आणि भिंतीकडेला चटईवर धाकटी कोंसू पडली होती. एरवी कैतानकाका दिसला की ती धावत यायची. आज तिनं मान उचलली नाही.

कैतान कुंपणाकडे वळला. रिकामी खापरी घेऊन परत आला आणि आपल्या चुलीपुढं बसला. घंटेआधी चढवलेला भात शिजत होता. त्याला तो गिळवेना. मनोऱ्यावर चढून साऱ्या गावाचा धूर पाहिला, आणि कुंपणापलीकडची पोर उपाशी. आता करायचं काय? टोपली नेली तर नातालीन ती घेणार नाही. उगाच खोटं काही सांगावं, तर कैतानला खोटं बोलता यायचं नाही. पोरगी रात्र काढील की नाही याची भीती होती.

तेव्हा त्याला आईची एक रीत आठवली. ती तुमच्याही घरात असेल. दुसऱ्याचं मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नाही तर चिमूटभर मीठ तरी घालायचं, पण रिकामं नाही.

कैतान उठला. मडक्यातला भात त्यानं केळीच्या पानावर काढला, सुक्या बोंबलाचं कालवण वाडग्यात ओतलं, आणि मडकं उंबऱ्यावर आपटून फोडलं. त्याच्याकडचं तेवढंच मडकं. मग पुन्हा कुंपण ओलांडलं.

"वहिनी, माझं मडकं फुटलं. तुमचं द्या."

नातालीननं चुलीवरचं उतरवून दिलं. मागणाऱ्याला नाही म्हणायची त्या घरची रीत नव्हती. कैताननं ते घरी आणलं, त्यात भात भरला, वर कालवण ओतलं, पान झाकलं आणि लगेच परत नेऊन ठेवलं. नातालीननं पान उचलून पाहिलं. तिचा चेहरा कठीण झाला. कैतान हळूच म्हणाला, "रिकामं परत केलं तर आई कबरेतून उठून येईल, वहिनी. तुम्ही ओळखता तिला."

नातालीन ओळखत होती. तिच्या सासूचीही तीच रीत होती, त्या दोघी म्हाताऱ्या एकाच माळेच्या. तिनं मडकं चुलीपाशी ठेवलं. मग तिनं कोंसूला उठवून मांडीवर घेतलं आणि पहिला घास तिच्या तोंडात घातला. कोंसूनं तो गिळला. मग दुसरा. असं म्हणतात, त्या मडक्यातून थोरलीही जेवली, नातालीनही जेवली, आणि सकाळी पाहिलं तर तळाशी अजून भात होता.

दुसऱ्या दिवशी कैतान पुन्हा दारात. मडकं फुटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. फोडायला मडकं हवं म्हणून तो कुंभाराकडून रोज एक आणायचा, बदल्यात त्याला काथ्याचा दोर वळून द्यायचा. नातालीन म्हणाली, "भावजी, तुमच्या घरात बैल शिरतो का हो?" कैतान म्हणाला, घंटेचा दोर ओढणारा हात, भांड्याला सोसत नाही. त्यावर नातालीन पहिल्यांदा हसली.

मग कैताननं फादर लुद्रीकना सगळं सांगितलं. धूर फसवतो, म्हणाला, आणि टोपली लाजवते. फादरांना तपकिरीची सवय. त्यांनी चिमूट ओढली, शिंकले, आणि पेटाऱ्याकडे वळले. रीत त्यांनीच लावली होती ना. शेवटी एवढंच म्हणाले की आता आपल्याकडचंही एखादं भांडं फुटलेलं दिसतं. आत गेले आणि मोठ्या बिशपांनी भेट दिलेलं चिनीमातीचं भांडं त्यांनी खिडकीबाहेर सोडून दिलं. स्वयंपाकीण रेमेत आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

फादर भांडं मागायला निघाले ते आधी मिठागराच्या वाटेनं. तिथं मीठ ओढणारी माणसं राहायची. ती देवळातली नव्हती, आणि त्यांची खोपटी मनोऱ्यावरून दिसतही नव्हती. म्हणून टोपली तिकडे कधी गेलीच नव्हती. फादरांनी पहिल्या खोपटापाशी थांबून सांगितलं, बाय, माझं भांडं फुटलंय, तुझं दे. बाई गोंधळली. पाद्री आपल्याकडे मागतो? तिनं काळं झालेलं मडकं पुसून पुसून दिलं. संध्याकाळी ते तांदूळ, गूळ आणि सुकी मासळी भरून तिच्या दारी आलं. त्यांच्यातही तीच रीत होती. रिकामं भांडं परत करत नाहीत, हे किनाऱ्यावरच्या साऱ्या जातींना ठाऊक.

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचन केलं नाही. घरोघरी जाऊन शेजाऱ्याचं भांडं मागा, एवढंच सांगितलं. ज्याच्या घरी आहे त्यानं मागायचं, ज्याच्या घरी नाही त्यानंही मागायचं. मग काय, त्या पावसाळ्यात कुरसाळ्यात एकही भांडं स्वतःच्या घरी राहिलं नाही. कुणाचं झाकण कुणाच्या मडक्यावर, कुणाचं सूप कुणाच्या पडवीत. श्रीमंत आळीतलं भांडं शेगटाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्यानं भरून यायचं, कारण ज्याच्याकडे पाला आहे त्यानं पाला भरायचा. नातालीनच्या दारचा शेगट खाऱ्या पाण्यातही तगला होता, तिनं किती घरची भांडी भरली. बावखलावरच्या बायकांना आता कळेना, कोण देतं आणि कोण घेतं. कुणाची बडबड चालेना. असं म्हणतात, पेटाऱ्यातला तांदूळ पुढच्या चार महिन्यांत तळाला गेला नाही, आणि त्या वर्षी कुरसाळ्यात भुकेनं एक जीव गेला नाही. ना देवळातला, ना मिठागरातला.

भाद्रपदात पाऊस असा कोसळला की जमिनीतलं मीठ धुऊन समुद्रात गेलं. पुढच्या वर्षी केळी पुन्हा उभ्या राहिल्या.

कैतान पुढं पुष्कळ जगला. दात गेले, गुडघे गेले, तरी घंटा त्यानंच वाजवली. तो गेला त्या दिवशी वारा मोठा होता, आणि तरी म्हणतात, गावातल्या साऱ्या चुलींचा धूर वाऱ्याविरुद्ध वळून त्याच्या झोपड्यावर येऊन थांबला. त्याला मातीत ठेवेपर्यंत हलला नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक बुटका उंचवटा आहे. पाऊस पडला की त्यातून खापरं वर येतात. पोरं ती गोळा करून लगोर मांडतात. ती कैताननं फोडून तिथं आणून टाकलेली मडकी.

आता मडकी गेली, डबे आले. तरी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळची घंटा झाली की कुरसाळ्यात माणसं एकमेकांच्या दारी जाऊन डबा मागतात. बंगलेवाला मागतो, फादर मागतात, मिठागरावरची माणसं मागतात. कुणी कशासाठी मागतो ते विचारायचं नाही. डबा परत येतो तेव्हा त्यात कुणाला डाळ सापडते, कुणाला औषध, कुणाला पोरीच्या शाळेची पुस्तकं, कुणाला नुसती चार केळी. याला कैतानची फेरी म्हणतात. आणि डबा घेताना कुणी आभार मानायला लागला, किंवा देणारा आम्ही आधी का नाही आलो म्हणून हळहळायला लागला, तर त्याला मध्येच थांबवतात. ही रीतही तिथलीच, आणि ती एका कापणीच्या सणापासून चालत आलेली.

बागा सावरल्या त्या वर्षी नातालीननं कापणीच्या सणाला नवा भात रांधला आणि कैतानला जेवायला बोलावलं. कैतान आला, पण उंबऱ्यातच उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. वर्षभर त्याच्या मनात एक गोष्ट रुतून होती. तो बोलायला लागला. म्हणाला, वहिनी, आपलं कुंपण एक, जुजे माझा भाऊ, आणि मी रोज वर चढून धूर पाहत होतो आणि फादरना सांगत होतो की सगळं ठीक आहे. एकदा कुंपणाशी येऊन विचारलं असतं तर. कोंसू तशी पडली होती आणि मी...

 कोंसू त्याच्या हाताला धरून आत ओढत होती. नातालीन पाटापुढं ताट मांडत होती. तिनं वर पाहिलं, पाट थोडा सरकवला आणि म्हणाली,

"बसा आता, भावजी. भात निवतोय."