अर्ध्यावरून परतताना

"मग बाई, मी उद्या सांगू ना, की तुमचंही मत तेच आहे... चूक केतकीची?"

सलील हातातल्या फुलपात्रातलं घोटभर पाणी प्याला आणि उत्तराची वाट पाहत राहिला.

इंदुमतीबाईंनी आयुष्यभर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, कसा लिहावा हे शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही अडलेले विद्यार्थी त्यांच्या ओसरीवर येत. सलील त्यांतला सर्वांत हुशार. हे त्यालाही ठाऊक होतं.

कर्नल कामापुरती मेमरी घेतो आणि मग परत करतो. सलीलच्या कंपनीच्या कर्नलमध्ये ती कुठेतरी परत करायची राहत होती. मेमरी गळत जाई, यंत्रं बंद पडत. सलीलने सोबत कोड लिहिणाऱ्या केतकीकडे बोट दाखवलं होतं. तिला घरी बसवलं होतं. कायमचं काढायचं का, ते उद्या ठरणार होतं.

"तिचं कोड पाहिलंस?"

"ओळन् ओळ."

"गळती सापडली?"

"सापडेल. तिथंच असणार. दुसरीकडे कुठं असणार?"

"तुझ्याकडे?"

सलील हसला. "बाई, मी तुमच्या हाताखाली शिकलोय. काम झालं की घेतलेली सगळी मेमरी परत करतो मी."

"असं..." बाई जरा थांबल्या. "मी मत देणार नाही, सलील."

त्याचा चेहरा आक्रसला. "म्हणजे एवढ्या लांबून आलो ते फुकट."

लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून तो उठला, चपला अडकवल्या आणि तरातरा फाटकापर्यंत गेला.

"सलील..."

"आता काय?"

बाई त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या.

त्यांचं फुलपात्र त्याच्या हातातच होतं. उरलेल्या पाण्यासकट.

तो ओशाळून परत आला. "लक्षातच आलं नाही. बोलणं फिसकटलं, तसा निघालो..."

"फिसकटलं की असाच निघतोस?"

सलील उत्तर द्यायला गेला आणि त्याची नजर हातातल्या फुलपात्रावर थांबली.

फुलपात्र खाली ठेवून तो पायरीवर बसला. लॅपटॉप उघडला. स्वतःचं कोड काढलं.

काम पुरं झालं, तर मेमरी परत करणाऱ्या ओळी चोख होत्या. पण काम मध्येच अडलं, तर कोड तिथूनच मागे फिरत होतं. घेतलेलं तसंच ठेवून.

त्याचे कान तापले.

"माझ्याकडेच आहे, बाई."

त्याने लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला.

"एकच ओळ लागते..." त्याची बोटं भराभर चालली. "घातली. आता यंत्रं बंद पडणार नाहीत. कशामुळे, ते कुणी विचारणारसुद्धा नाही. झाली गळती बंद."

"केतकी कुठं आहे?"

"...घरी."

"मग गळती बंद कुठं झाली?"