पाण्यात उभी राहणारी माणसे

पूर्वी शिलावती नगरीवर राजा महीसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका शल्यवैद्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. शिलावतीच्या विहिरी खारट होत्या, जमीन पांढरी होती, आणि तिथल्या माणसांच्या मूत्राशयात खडे धरत. ती कळ ज्याने भोगली नाही त्याला सांगून कळायची नाही. धडधाकट पुरुष अंगणात गडाबडा लोळत. म्हणून त्या नगरीत शल्यवैद्यांना मोठा मान होता.

खडा कापून काढण्याआधी वैद्याने राजाची अनुज्ञा घ्यावी अशी तिथली रीत होती. न कापावे तर माणूस कळांनी झिजतो, कापावे तर दगावू शकतो. दगावलाच तर दोष वैद्याला लागू नये, एवढ्यासाठी ही अनुज्ञा. राजा मान हलवी. मग वैद्य गुदद्वाराजवळच्या शिवणीच्या डाव्या अंगाला छेद घेई, आकड्याने खडा बाहेर ओढी आणि काशाच्या थाळीत टाकी. थाळी वाजली की बाहेर बसलेले नातेवाईक गूळ वाटीत. वैद्याची दक्षिणाही त्याच क्षणी मिळे. खडा वैद्याच्या दारावरच्या तोरणात ओवला जाई. रोगी दुसऱ्या दिवशी आपल्या घरी जाई, आणि पुढचे कोणी विचारीत नसे.

सोमिलाच्या तोरणात तीनशेंहून अधिक खडे होते. त्याने अनेक गुरूंकडे अध्ययन केले होते आणि स्वतः अनेकांना शिकवले होते. परंतु विद्येबरोबर त्याची शंकाही वाढत गेली. म्हातारपणी तो छेद घेतल्यावर कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसे. त्याचा शिष्य दर्भक आता स्वतः नामांकित वैद्य झाला होता. तो म्हणे, "आमचे आचार्य जेवताना घासालासुद्धा विचारतात, बाबा, तू खरंच घास आहेस ना?" लोक हसत. सोमिलही हसे, पण त्याला वाटे, विचारायलाच हवे.

चैत्रातल्या एका दुपारी वारा पूर्ण पडला होता. पिंपळाचे पानही हलत नव्हते. तेव्हा दारावरचे तोरण वाजू लागले. दगडावर दगड हळूहळू आपटत होते. सोमिल बाहेर आला. उंबऱ्यापाशी एक बाई उभी होती. तिच्या डोक्यावर ओल्या कपड्यांचे गाठोडे होते. गाठोड्यातून पाणी ठिबकत होते, पण खालची धूळ कोरडीच होती.

"वैद्यबाबा, तोरण वाजतंय," ती म्हणाली.

"तुलाही ऐकू येतं?"

"दगड इकडे, माणसं तिकडे. वाजणारच."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"नदीच्या पलीकडे. तुम्ही कधी आलाच नाहीत. थाळी वाजली की तुमचं काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं."

ती चालू लागली. सोमिल काठी टेकत तिच्या मागे गेला. उतारावरून नदी ओलांडून तो पलीकडे पोचला आणि जागच्या जागी थांबला.

काठावर दूरवर दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर कमरेला गुंडाळायची शेकडो धडपी वाळत होती. नदीत कमरेइतक्या पाण्यात नव्वद-शंभर पुरुष उभे होते. कोणी आंघोळ करीत नव्हता, कोणी जाळे टाकीत नव्हता. सगळ्यांची तोंडे नगरीकडे होती. कोणी बोलत नव्हते. ऊन डोक्यावर होते आणि त्या माणसांच्या सावल्या पाण्यावर पडल्यासारख्या दिसत नव्हत्या.

मग एकाने त्याला ओळखले. "आचार्य आले!" तो म्हणाला, आणि सर्वांनी पाण्यातूनच हात जोडले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोमिलाला बरे वाटले असते.

"इथे का उभे आहात?" त्याने विचारले.

गोमक नावाच्या कुंभाराने उत्तर दिले, "लघवी धरवत नाही, आचार्य. खडा निघाल्यापासून गळतेच आहे. घरात वास येतो, बायको तोंडाला पदर लावते, पंगतीत शेजारी कोणी बसत नाही. इथे बरं. पाण्यात सगळे सारखेच ओले. कोण गळतो, कोण नाही, कुणाला कळतंय?" तो एकटाच हसला.

सोमिल काठावर बसला. त्याने विचारले, "असं होऊ शकतं हे आधी सांगितलं असतं, तर तुम्ही कापू दिलं असतं का?"

सारंग नावाचा लोहार चटकन म्हणाला, "दिलं असतं! त्या कळेपुढे हे काहीच नाही. उद्या पुन्हा कापायचं म्हणालात तरी येऊन बसेन."

गोमक मात्र नगरीकडे पाहत राहिला. "माझा खडा हरभऱ्याएवढा होता. काढ्यानं पडला असता का हो?"

"कदाचित."

"हा शब्द तेव्हा कोणी बोललं नाही, आचार्य. तेव्हा सगळे थाळीबद्दलच बोलत होते."

निघताना सोमिलाने त्याला इथवर घेऊन आलेल्या धोबिणीची चौकशी केली. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. "इथे धोबीण नाही," सारंग म्हणाला. "आमच्या धडप्यांना कोण हात लावणार? ज्याचं त्यानं धुवायचं." सोमिलाने मागे वळून पाहिले. ओल्या वाळूत पाण्यापासून त्याच्यापर्यंत पावले उमटली होती. ती एकट्या त्याचीच होती. नदीची देवताच त्याला बोलवायला आली असावी, असे म्हणतात.

त्या दिवसापासून सोमिल ज्यांना ज्यांना त्याने कापले होते त्यांच्या दारी जाऊ लागला. यात त्याचे वर्ष गेले. दहा जणांतले पाच कोरडे आणि सुखी होते. तिघे नदीत उभे होते. दोघे महिन्याभरात वारले होते. त्यांच्या घरच्यांना वैद्याला पाहून नवल वाटले, कारण आजवर कोणी आला नव्हता. त्याने प्रत्येकाकडून कापडाची एक पट्टी मागून आणली आणि तोरणात त्या त्या खड्याशेजारी बांधली. नदीतल्या माणसांच्या पट्ट्या तो रोज सकाळी पाण्याने भिजवी. मेलेल्यांच्या खड्याशेजारी त्याने काळा दोरा बांधला. दगडांच्या मध्ये कापड आल्यामुळे तोरण वाजायचे थांबले.

दारी येणारा रोगी ते तोरण पाही आणि अर्थ विचारी. सोमिल सांगे. पुष्कळ जण उठून दर्भकाकडे जात. दर्भकाचे तोरण वाऱ्यावर छान वाजे.

पुढे राजा महीसेनालाच मुतखडा झाला. त्याने दोन्ही वैद्यांना बोलावले.

दर्भक म्हणाला, "महाराज, घटकाभरात थाळी वाजवतो."

सोमिलाने राजाला तपासले. "खडा लहान आहे, महाराज. आजवर मी आपल्याकडे दुसऱ्यांसाठी अनुज्ञा मागत आलो. आज ती मागण्याआधी एकदा नदीपलीकडे चला."

कळ थोडी ओसरल्यावर राजाला पालखीतून नेले. राजाने ती पाण्यात उभी असलेली माणसे पाहिली. "ह्यांना मी कुठे पाहिलंय?"

"पाहिलं नाहीत, महाराज," गोमक म्हणाला. "नुसती मान हलवली होतीत. सोंगट्या खेळत होतात."

राजाच्या अंगावर काटा आला, आणि त्या भीतीचा त्याला राग आला. त्याने सोमिलाला विचारले, "काढ्यानं पडेल ना?"

"माहीत नाही. असे लहान खडे दहांतले सहा पडलेले मला आठवतात. पण माझ्या आठवणीवर माझा पुरता भरवसा नाही."

"दोन महिने देतो. नाही पडला तर तुझे दोन्ही हात मनगटापासून तोडीन."

आत्ताच कापतो, एवढे म्हटले असते तरी सोमिलाचे हात वाचले असते, आणि वर एखादे गावही इनाम मिळाले असते. त्याने आपल्या हातांकडे पाहिले. "बरं, महाराज," तो म्हणाला.

राजाने वायवर्ण्याच्या सालीचा आणि गोखरूचा काढा घेतला, कुळथाचे कढण घेतले, कळा सोसल्या. दोन महिने झाले. खडा पडला नाही.

शेवटच्या दिवशी सोमिल दरबारात आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. "माझा अंदाज चुकला, महाराज."

राजाचा चेहरा पांढरा पडला होता. "आता कापायचं म्हटलं तर?"

"आता खडा मोठा झाला आहे. नदीत उभं राहावं लागण्याचा धोका वाढला आहे. न कापला तर पावसाळ्यापर्यंत लघवी अडेल आणि प्राण जाईल. माझ्या मते आता कापावं. पण मत माझं, शरीर आपलं."

"दर्भका, तुझं काय?"

"घटकाभरात थाळी वाजेल, महाराज."

"आणि थाळी वाजल्यावर?"

दर्भकाला प्रश्नच कळला नाही. "थाळी वाजल्यावर काय, महाराज? वाजली!"

राजा सोमिलाकडे वळून म्हणाला, "ते हात खाली घे. मला लागणार आहेत." आणि त्याने मान हलवली. पहिल्यांदाच ती त्याने स्वतःसाठी हलवली होती.

सोमिलाने छेद घेतला. खडा निघाला, थाळी वाजली, बाहेर गुळाच्या भेल्या फुटू लागल्या. राजा दात आवळून म्हणाला, "थांबवा त्यांना. वर्षभर कोणी गूळ वाटायचा नाही."

जखम भरली. राजा वाचला. पण एकदा दरबार पूर्ण शांत असताना सिंहासनाच्या दगडी पायरीवर काहीतरी ठिबकण्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा झाला. कोणी वर पाहिले नाही. दुसऱ्या दुपारी राजा नदीत उतरला. पाण्यातल्या माणसांनी न बोलता जागा करून दिली. गोमक आणि सारंग यांच्या मध्ये तो नगरीकडे तोंड करून उभा राहिला.

सोमिल काठावर आला. त्याचे डोळे भरले होते.

"पहिल्याच दिवशी कापला असता तर मी कोरडा राहिलो असतो का?" राजाने विचारले.

"कदाचित राहिला असता. कदाचित नाही. मला माहीत नाही, महाराज, आणि हे मला कधीच कळणार नाही."

"तू पहिल्या दिवशीही असंच बोलला होतास," राजा म्हणाला. "म्हणून मी इथे माझ्या निर्णयानं आलोय, कोणी मला ढकललेलं नाही."

तेव्हापासून शिलावतीचा दरबार दुपारी नदीकाठी भरू लागला. खड्याची अनुज्ञा राजाकडे मागणे बंद झाले. रोगी स्वतः पाण्यात उतरे, त्या माणसांचे ऐके, आणि स्वतःच हो किंवा नाही म्हणे. कोणी काढा घेऊन घरी जाई, कोणी कापायला बसे. दक्षिणा आणि गूळ दोन्ही एक वर्षाने, रोगी कसा आहे हे पाहून. दर्भकालाही आपल्या तोरणात पट्ट्या बांधाव्या लागल्या. त्याला पाहिजे तितक्या कोरड्या पट्ट्या मिळाल्या नाहीत.

सोमिल मरेपर्यंत राजाचा तो एकच प्रश्न स्वतःला विचारत राहिला. वारा पडलेल्या दुपारी तो तोरणाकडे कान देई. ते गप्प असे. फक्त उंबऱ्यापाशी कधी कधी बाईच्या ओल्या पावलांचा ठसा दिसे, आणि पाहता पाहता वाळून जाई.

पुष्कळ जन्मांनंतर विहारातल्या रुग्णांची सेवा करणारा वप्पिल नावाचा भिक्षू, आपल्या औषधाने एक जण बरा झाला नाही म्हणून सेवा सोडून बसला होता. त्याला शास्त्याने, म्हणजे भगवंताने, ही कथा सांगितली आणि पूर्वजन्माचा मेळ जुळवला: "भिक्षू, त्या वेळचा दर्भक म्हणजे आज औषधाचा गुण आधीच गाऊन दाखवणारा तुझा सोबती. राजा महीसेन म्हणजे तो बरा न झालेला रुग्ण, जो आज सकाळीही तुझीच वाट पाहत होता. नदीची देवता म्हणजे विहाराची वस्त्रे धुणारी वृद्ध उपासिका. गोमक कुंभार तूच होतास. आणि सोमिल वैद्य मी होतो. जे माहीत आहे ते सांगणे, आणि जे माहीत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे, हात जाणार असले तरी सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, मी त्या जन्मी पाळली."

वप्पिल उठला आणि रुग्णाकडे गेला.